पोपट आजोबांचं कपाळ

माझी सासू कलावती फोटोंच्या प्रदर्शनाला आली ती निव्वळ एसीसाठी. मीच ओढून नेलेली. ‘जुनं ठाणं, नवं ठाणं’ असं काहीतरी. डावीकडे काळेपांढरे फोटो, उजवीकडे त्याच जागेवरचे टॉवर. शेवटचा दिवस, सहाला बंद. "आमचाच कोलशेत आमालाच दाखवतान," असं बडबडत आई पुढेपुढे चाललेल्या. कोलशेतच्या आगरी त्या, जिभेला हाड नाही.

एका फोटोपाशी मात्र पाय अडला. खाडीत होडी, होडीत सहा उघडेबंब पुरुष, हातात बादल्या.

"रसिका, यो माजा बापूस!"

पोपट आजोबा. खाडीत बुडी मारून तळाची रेती काढायचे. आई नऊ वर्षांच्या होत्या, तेव्हा एकदा खाली गेले ते वर आलेच नाहीत. फोटोखाली पाटी: ‘रेती काढणारे मजूर. नावे अज्ञात.’

"अज्ञात कशाला? मी जिती हाय ना!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. मी मोबाईल काढला तर वॉचमन धावत आला. फोटो काढायला मनाई! अरे, फोटोंच्याच प्रदर्शनात? मी कडाकडा भांडले, पण काही उपयोग झाला नाही. शेवटी अनिमेश नावाचा तिथला अधिकारी आला. पोरगा चांगला निघाला, तेच वाईट झालं. म्हणाला, "काकू, घरचा एखादा फोटो आणा. चेहरा जुळला की पाटी आजच बदलतो. उद्या हे सगळं दिल्लीला जातंय, मग माझ्या हातात काही नाही."

घरी फोटो होता की! देवघराच्या बाजूलाच. रिक्षा केली. आई वाटेत रिक्षावाल्यालापण सांगत होत्या, "माज्या बापसाचा नाव लागनार हाय."

साडेपाचला फोटो अनिमेशच्या हातात दिला. त्याने तो उजेडात धरला, तिरका केला, परत सरळ केला.

"काकू, यात चेहरा कुठाय?"

अगं बाई. काच कधीचीच फुटलेली. दर सणाला, दर अमावास्येला आई कपाळावरचं जुनं गंध ओल्या फडक्याने पुसायच्या आणि नवं लावायच्या. पन्नास-पंचावन्न वर्षं. लग्न झाल्यापासून बारा वर्षं मीसुद्धा. कपाळ गेलेलं, डोळे गेलेले, नाकही गेलेलं. उरलेली शर्टाची कॉलर आणि एक कान. आईंना तरीही तो दिसत असणार, बाप होता त्यांचा. मला मेलीला काय झालेलं?

"मीच पुसला त्याला," आई म्हणाल्या.

मी उगाचच अनिमेशवर डाफरले. तो बिचारा "सॉरी काकू, सॉरी" करत राहिला. मग मलाच रडू फुटलं.

सहाला दिवे बंद व्हायला लागले. आई त्या होडीसमोर उभ्या होत्या. सवयीने त्यांचं बोट बापाच्या कपाळाकडे गेलं आणि मध्येच थांबलं. तो हात त्यांनी दुसऱ्या हाताने घट्ट धरून खाली घेतला.

"नको," त्या म्हणाल्या, "यो तरी ऱ्हाऊ दे."