पान चारशे अठरा

वकीलबाईंच्या ऑफिसात त्याला सगळे ‘दाखलेशास्त्री’ म्हणत, आणि तोही ती पदवी छाती काढून मिरवीत असे. काम एवढंच, की युक्तिवादात जुन्या निकालांचे दाखले लिहायचे. कोण विरुद्ध कोण, साल, खंड, पान. साल कंसात, स्वल्पविराम जागच्या जागी. त्याचा स्वल्पविराम हलवायला न्यायाधीशही धजणार नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं. दुसऱ्या कोणाचं नव्हतं. घरी ताईने मीठ कुठे विचारलं तरी तो म्हणे, “फळी दुसरी, डबा चौथा.” ती म्हणे, “आणि डबा रिकामा आहे, ते कोण लिहिणार?”

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या मावशींची सुनावणी होती. आजारपणात त्यांचं दुकान वर्षभर बंद राहिलं, म्हणून मालक ते खाली करून मागत होता. कोर्टाबाहेरच्या बाकावर शास्त्रीबुवा त्यांना धीर देत होते.

“घाबरू नका मावशी. असा दाखला दिलाय की मालक बघतच राहील. पान चारशे अठरा! ‘दुकान बंद ठेवलं म्हणून भाडेकरूला काढता येणार नाही.’”

“मग मागचं-पुढचंही वाच की. अर्धा तास आहे अजून.”

मागचं? त्याने रुबाबात हातातल्या खंडाचं एक पान मागे उलटलं आणि त्याचं बोट पहिल्याच ओळीवर अडलं. ‘माझ्या दोन्ही सहकाऱ्यांशी मी सहमत नाही.’ म्हणजे तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी भाडेकरूला बाहेर काढलं होतं, आणि हा पठ्ठ्या एकट्या पडलेल्या तिसऱ्याचं मत निकाल म्हणून लिहून मोकळा झाला होता. स्वल्पविरामासकट.

तो वकीलबाईंपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं ओकला.

“निकाल वाचला होतास?”

“नाही बाई. लिहिला होता.”

“वा! आता बस इथे आणि पहिल्या पानापासून वाच. मोठ्याने.”

तो वाचू लागला. मावशी सुईत दोरा ओवावा तशा श्वास धरून ऐकत होत्या. पान चारशे नऊवर त्या म्हणाल्या, “थांब. परत म्हण.”

‘बंद ठेवण्यामागे आजारपण असतं, तर आमचा निर्णय वेगळा झाला असता.’ हे त्या दोघांचंच वाक्य होतं.

बाईंनी चारशे अठरावर काट मारली आणि शेजारी चारशे नऊ लिहिलं. घाईत स्वल्पविराम राहिला. शास्त्रीबुवांनी तो तसाच राहू दिला.

संध्याकाळी ताईने विचारलं, “मावशींच्या दुकानाचं काय झालं रे?”

“राहिलं त्यांच्याकडेच.”

“म्हणजे तुझा दाखला चालला!”

“चालला ना. मावशींनी शोधला, बाईंनी लिहिला. मी नुसता वाचला. तोही पहिल्यांदाच.”