लाल दोऱ्याचं पिल्लू

एका कुत्र्याच्या पिल्लाने मला पोलीसगिरी शिकवली, हे सांगायला आता लाज वाटत नाही. पन्नास सालानंतरची ती वर्षं. वर्ध्यात मी नवाच ठाणेदार होतो. एका रविवारी सकाळी कापसाच्या जिनिंगचे एक शेठ तणतणत ठाण्यात आले. त्यांच्या अल्सेशियन कुत्रीच्या पाच पिल्लांपैकी एक चोरीला गेलं होतं, आणि तेही नागपूरच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनासाठी निवडलेलं.

फिर्याद देता देता त्यांनी माझी शिकवणीच घेतली. प्रदर्शनाचं पिल्लू वेगळं, घरी पाळायचं वेगळं. चाल, पाठ, कान सगळं पाहायचं, पण मुख्य जबडा. वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसले पाहिजेत. निवडलेल्या पिल्लाच्या गळ्यात त्यांनी लाल दोरा बांधला होता. तीन पिल्लं ओळखीत द्यायची होती. पाचव्याचा खालचा जबडा पुढे आलेला. बाहेरून कळत नसे, पण जातीला बट्टा नको म्हणून सोमवारी डॉक्टर त्याला सुई देऊन संपवणार होते. आता चारच पिल्लं होती आणि लाल दोरा कुणाच्याच गळ्यात नव्हता. कुत्री सांभाळणारा गडीही कामावर आला नव्हता. मी डायरीत सरळ त्याला आरोपी लिहून मोकळा झालो.

दुपारी पवनारच्या मोटारीच्या कंडक्टरने खबर दिली की गडी सकाळी कुंईकुंई करणारी पिशवी घेऊन तिथे उतरला. हवालदाराला घेऊन मी त्याच्या घरी गेलो. पिल्लू बायकोच्या पदराखाली झोपलं होतं. पंचनामा करून गडी आणि पिल्लू दोघांनाही ठाण्यात आणलं.

दोरा कुठे टाकलास, पिल्लू कुणाला देणार होतास, सगळं विचारलं. आवाज चढवला, टेबलही आपटलं. गडी पिल्लाकडेच पाहत राहिला. शेवटी कंटाळून हवालदाराने पिल्लापुढे बशीत दूध ठेवलं. पिल्लू पिऊ लागलं, पण दूध तोंडाच्या बाजूनेच सांडायला लागलं. तसा गडी न विचारता उठला, बशी तिरपी धरली आणि पहिल्यांदा बोलला, "साहेब, मले आत टाका. पन याले बंगल्यावर नेऊ नका. उद्या याले सुई देनार हायेत."

मी पिल्लाचं तोंड उघडलं. खालचे दात पुढे होते.

तडक बंगल्यावर जाऊन चारही पिल्लांचे जबडे पाहिले. सगळे चोख. एकाच्या गळ्यात मात्र काळा दोरा होता. शेठची म्हातारी आई शांतपणे म्हणाली, "लाल दोरा म्याच सोडला. जो येते तो याच पिलाले मांडीवर घेते. नजर लागन म्हनून काळा बांधला."

शेठचं तोंड पाहण्यासारखं झालं. एवढं शास्त्र सांगणारा माणूस आपलं पिल्लू दोऱ्यावरून ओळखत होता!

चोरी तरीही झालीच होती. मी शेठना म्हटलं, जे उद्या मारणार होता, ते आज गड्याला दिलं असं लिहून द्या. ते कुरकुरले. म्हातारीने दौत पुढे सरकवली आणि गड्याला उद्यापासून कामावर येजो म्हणून निरोप दिला. ठाण्यात तो निरोप ऐकून गडी पिल्लाला छातीशी धरून रडला. पुढे ते कुत्रं धाम नदीच्या काठाने त्याच्यामागे दुडदुडताना मी कितीदा पाहिलं.

शेठना मी काय हसणार? त्यांनी दोरा पाहिला, मी गैरहजेरी. डायरीतला 'आरोपी' हा शब्द खोडून मी सही केली. त्यानंतर मी घाईने पेन उचललं की हवालदार हळूच विचारायचा, "साहेब, तोंड उघडून पाह्यलं का?"

आणि मी पेन खाली ठेवायचो.