पाण्यावरून गेलेले खांब

दोर, साखळ्या आणि वायर विकणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. दोर मोजून होईपर्यंत गिऱ्हाईक गप्प बसत नाही, एवढंच! माझं दुकान चितेगावला, पैठण रोडवर. गोदावरीवर धरण झालं आणि बैलगाडीचे दोर नेणारे लोक नावेचे दोर मागू लागले. धंद्यातलं मीही त्यांच्याकडूनच शिकलो.

*

त्यातले पहिले किसनमामा. चराईचं रान पाण्याखाली गेलं, तशी मेंढरं विकून मामांनी नाव घेतली. पलीकडचं एक गाव तिन्ही बाजूंनी पाण्यात आलेलं. मामांची नाव हीच त्या गावाची एसटी.

एकदा नाव आखूड दोरानं खुंट्याला बांधून मामा लेकीकडं गेले. इकडं धरणातून पाणी सोडलं. परत येऊन बघतात तर नाव चिखलात, पाणी लांब!

"दोर तुटला का मामा?"

"दोर लई मजबूत हाय शेठ. नाव जाग्यावर. पाणीच सुटून गेलं!"

त्या दिवशी मी त्यांना लांब दोर विकला.

*

धरणाच्या पायथ्याला वीजघर. तिथले साहेब एकदा दुकानात गयाआजीला समजावत होते. आजी त्या पलीकडच्या गावची, मामांच्या नावेतली रोजची सवारी. साहेब म्हणाले, दिवसा पाणी खाली सोडून वीज करायची. रात्री लोक झोपले की उरलेल्या विजेवर तेच पाणी पंपानं वर चढवायचं.

"हे कोन्या सासूनं लावलेलं काम?"

साहेब हसले. आजी नाही हसली. "वीज उरती म्हनता. आमच्या गावात अजून कंदील हाय. तिथं कवा उरंल?"

"आजी, खांब न्यायला रस्ता कुठंय?"

दोर गुंडाळता गुंडाळता मामा म्हणाले, "रस्ता तर बुडाला सायेब. आता पान्यावरनंच न्या की!"

*

साहेब वरच्यांशी भांडले आणि मंजुरी घेऊन आले. दोन नावा शेजारी शेजारी बांधल्या, त्यांवर सिमेंटचे खांब आडवे. दोर अर्थात माझा, म्हणून मीही बसलो.

"सरकारी खांबाला तिकीट लागतं का मामा?" साहेबांनी विचारलं.

"बसून आला तर पुरं, निजून आला तर अर्धं!"

मध्यावर वारा सुटला, लाटा नावेत येऊ लागल्या. साहेबांना पोहता येत नव्हतं. त्यांनी जवळच्या खांबाला घट्ट मिठी मारली.

मामा ओरडले, "सायेब, त्याला सोडा! सिमेंटचा हाय, आधी त्योच बुडंल!"

खांब पोचले. साहेबही पोचले.

*

तारा ओढून झाल्या त्या संध्याकाळी गयाआजीच्या घरात गावातला पहिला बल्ब लागला. अख्खं गाव अंगणात जमलेलं. साहेब म्हणाले, "बटण एकदा तपासू. बंद करून बघतो."

आजी बोर्डापुढं आडवी उभी राहिली. "इतक्या वर्सांनी उजेड आलाय. च्या घेतल्याबिगर माज्या घरातनं कोन जातंय?"

चूल पेटली. साहेबांना कप मिळाला, मामांना मिळाला, मलाही मिळाला. ताटात एक उरला. चहा फक्कड झाला होता, म्हणून मी हात पुढं केला. आजीनं ताट बल्बाखाली सरकवलं.

"शेठ, त्यो तुमचा नाय!"