ओळखीच्या आवाजाची परीक्षा

तंजावरकडच्या मेलकावेरीत एका दंतवैद्यांच्या घरी रविवारी दुपारी आम्ही काही जण जमतो. अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि हाय-रेझोल्यूशन रेकॉर्डिंग हा सगळ्यांचा नाद. या नादात मतांना तोटा नाही. इंटरनेटवर ज्याच्याकडे यंत्रं जास्त, त्याचा शब्द मोठा. दंतवैद्यांच्या दिवाणखान्यात मात्र वेगळा नियम आहे. कोणता स्पीकर खरा हे सांगायचं असेल, तर रोज प्रत्यक्ष कानावर पडणाऱ्या एखाद्या आवाजाचं स्वतः केलेलं रेकॉर्डिंग घेऊन यायचं. गाणं चालत नाही, कारण ते बहुतेकांनी कुणाच्या तरी स्पीकरवरच ऐकलेलं असतं. नाचियार्कोविलचे एक पितळी दिव्यांचे व्यापारी कारखान्यातल्या कानशीचा आवाज आणतात. दंतवैद्य स्वतःच्या ड्रिलचा लावतात, तेव्हा बाकीचे गाल धरतात.

मी आणलं होतं बायकोचं बोलणं.

तिच्या घशात कर्करोग निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं तंजावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दंतवैद्यांनी त्यांचा चांगला माइक मला दिला. माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं आहे. नोंद कशी ठेवायची हे आपल्याला कळतं, अशी माझी समजूत होती. मागच्या खोलीत पंखा बंद करून मी तिला माइकसमोर बसवलं.

"काय बोलू?"

"काहीही."

"मुलाखत घेताय, की मी हरवल्याची जाहिरात देताय?"

मग ती शेजाऱ्यांच्या शेवग्याबद्दल बोलली. त्याचा पाला आमच्या विहिरीत पडतो. आमच्या घरची मराठी मराठेशाहीत इकडे आलेल्यांची आहे. क्रियापदं जुनी आणि मधूनमधून तमिळ. शेवटी ती म्हणाली, "पोदुम, पुरे आता. कॉफी निवते आहे." तिथे रेकॉर्डिंग संपतं.

शस्त्रक्रिया झाली. आता ती गळ्याला एक छोटं यंत्र लावते, त्याची कळ दाबते आणि ओठांनी शब्द बनवते. यंत्रातून सपाट, गुणगुणता आवाज येतो. त्यात राग आणि थट्टा सारखीच ऐकू येतात.

रविवारी मी तिचं रेकॉर्डिंग नेऊ लागलो. कुणी नवा स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर आणला की त्यावर ते लावलं जाई आणि मी सांगे: इथे आवाज नाकात गेला, इथे छाती जास्त भरली, हा बरोबर. माझ्या शब्दाला वजन आलं. चेन्नईहून फोन येऊ लागले. व्यापारी म्हणत, "अण्णा, तुमच्या घरच्यांनी पास केलं ना? मग संपलं." माझ्यापुरता प्रश्न यंत्राचा नव्हताच. ती जशी बोलत असे तशी जिथे ऐकू येईल, ती जागा मी शोधत होतो. तो आवाज माझ्याजवळ राहावा, एवढंच.

एका रविवारी दंतवैद्यांनी स्पीकरसमोर पडदा लावला. मागे तीन संच आहेत, ओळखा, म्हणाले. तिचं बोलणं तीनदा वाजलं. पहिला परका वाटला. दुसरा बरा. तिसऱ्याला मी हात वर केला. "हाच. ती अशीच बोलत असे."

पडदा काढला. मागे एकच संच होता, आमचा नेहमीचा. दर वेळी त्यांनी आवाज फक्त किंचित वाढवला होता.

"सर, या सापळ्यात सगळेच अडकतात," दंतवैद्य म्हणाले. "मोठा तो खरा वाटतो. मीही अडकलो आहे."

व्यापारी हसले. मीही हसलो असेन. घरी येताना यंत्रांशिवाय, नुसत्या आठवणीने तिचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. शेवग्याचं वाक्य आलं. कॉफीचं आलं. रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं एकही वाक्य तिच्या आवाजात येईना. तिने मला मारलेली हाक येईना. लग्नानंतरची वर्षानुवर्षं त्या काही मिनिटांखाली गाडली गेली होती, आणि दर रविवारी वर माती लोटणारा मीच होतो.

पुढच्या रविवारी मी तिला बरोबर नेलं. तिच्याखेरीज साक्षीदार आणणार कुठून? ती सोफ्याच्या टोकाला बसली. शेवगा वाजला. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने यंत्र गळ्याला लावलं.

"ही कोण बाई?"

दंतवैद्यांनी तिला समजावलं, की आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून बाहेरून ऐकला की तो कुणालाच आपला वाटत नाही.

"म्हणजे मला ठाऊक होती ती मेली," ती म्हणाली, "आणि यांना ठाऊक होती ती यांना ओळखता येत नाही. बरं आहे. चला."

त्यानंतर व्यापाऱ्यांच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल मला विचारलं गेलं, तेव्हा सांगता येत नाही म्हणालो. ते म्हणाले, "असं कसं, अण्णा?" दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तंजावरला तपासणीत पुन्हा गाठ दिसली. घरी आल्यावर तिने स्वतःच माइकची पेटी कपाटातून काढली आणि टेबलावर ठेवली.

"याही आवाजाचं करून ठेवा. हा तरी नीट ऐकून."

मी पंखा बंद केला, हेडफोन लावले, माइक जवळ घेतला. यंत्राची गुणगुण फार तीव्र होती, रेकॉर्डरचा काटा लाल रेघेत जात होता. माइक मागे घेतला, पातळी उतरवली. ती बोलत होती. काटा आता बरोबर जागी हलत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

गुणगुण थांबली. मी मान वर केली. यंत्र तिने मांडीवर ठेवलं होतं. ओठ अजून हलत होते, माझ्याकडे बघत, सावकाश. मला कळेपर्यंत शेवटचा शब्द झाला होता.

"काय म्हणालीस? पुन्हा सांग."

तिने नाही म्हणून मान हलवली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी कळ सुटल्याचा आवाज आहे, नंतर खोली आहे, लांबवर रस्त्यावरची बस आहे. सगळं स्पष्ट आलं आहे. मी ते पुन्हा पुन्हा लावतो. आवाज वाढवून पाहिला आहे.