अर्धी पुसलेली गाडी

माझ्या धाकट्या सुनेचं दुकान कुठे आहे असं कुणी विचारलं, की मी खिडकीतून खाली बोट दाखवते. खाली तिची स्कूटर उभी असते. स्कूटरला मागे जोडलेला छोटा गाडा, त्यात पाण्याचं पिंप, धूळ ओढायचं मशीन, दोन बादल्या आणि फडक्यांच्या पिशव्या. एवढंच दुकान. स्कूटर जागेवर नसली तर दुकान कामावर गेलं असं समजायचं.

ती लोकांच्या मोटारी साफ करते. नुसतं पाणी मारून नव्हे. सीटच्या फटीतला बिस्किटाचा चुरा, काचेवरचे पोरांचे हात, दारावरचे बारीक ओरखडे, सगळं काढून गाडी अशी करून देते की मालकाला वाटावं, आपण हिला उगाच म्हातारी म्हणत होतो. या धंद्याला खरं तर गॅरेज लागतं. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, त्यातली एक माझ्या खोकल्यानं भरलेली. तेव्हा गाडीनं हिच्याकडे यायचं नाही, हिनं गाडीकडे जायचं, असं ठरलं.

लग्न होऊन आली तेव्हा ती मोटारींच्या शोरूममध्ये कामाला होती. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी तिला नटवायचं, ते काम. पुढे शोरूम गावाबाहेर गेलं, जाण्यायेण्यातच जीव जायला लागला, तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि जेवताना सांगितलं, "मी आपलं स्वतःचं सुरू करते."

धाकटा म्हणाला, "कुठे?"

"सगळीकडे."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. माझा मुलगा शहाणा आहे, फक्त पटकन दिसून येत नाही.

तिच्या कामाचे नियम कडक. निळं फडकं काचेला, पिवळं पत्र्याला, राखाडी चाकांना. हातातून जमिनीवर पडलेलं पिवळं फडकं पुन्हा पत्र्याला लागत नाही. त्यात वाळूचा एक कण अडकला तरी रंगावर रेघ ओढतो म्हणे. ते जातं चाकांच्या पिशवीत आणि मग जन्मभर चाकंच पुसतं. फडकी धुवायचं काम माझ्याकडे आहे. आता घरात अशी गत झाली आहे, की धाकट्याच्या हातून टॉवेल पडला तरी तो आधी बायकोच्या तोंडाकडे बघतो.

आणखी एक सवय तिची. गाडीचा नंबर ती कधी बघायची नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, नंबर लक्षात ठेवत जा." तर म्हणाली, "आई, तुम्ही नातवंडं काय हजेरीपटावरून ओळखता? गाडी अंगावरून ओळखायची. कुणाचा आरसा वाकडा, कुणाच्या दाराला पोचा, कुणाच्या काचेवर तडा." मला ते पटलंही. पण फाजील विश्वास म्हणतात तो हाच.

तर तिच्या धंद्याची खरी नाडी म्हणजे सावली. उन्हात पॉलिश लावलं की ते जागच्या जागी वाळतं आणि डाग पडतात. म्हणून उघड्यावर तिला सकाळ आणि संध्याकाळच मिळते, मधला सगळा दिवस हात जोडून बसायचं. आमच्या गल्लीसमोर मोठी इमारत आहे, तिच्या खाली खांबांवर उभं असलेलं झाकलेलं पार्किंग. अर्ध्याहून जास्त गिऱ्हाइकं तिला तिथेच मिळाली होती. भर दुपारी तिथे थंडगार सावली. ते पार्किंग आहे म्हणून धंदा आहे, ते गेलं तर स्कूटर विकायची आणि पुन्हा कुठेतरी नोकरी शोधायची. हे ती बोलत नव्हती, पण आम्ही तिघंही जाणून होतो.

त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक रिटायर गृहस्थ राहतात. त्यांना सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण ती त्यांच्या खिशात असतेच. दोन गाड्यांच्या मधलं अंतर, जिन्याच्या पायरीची उंची, कुणी कुंडी ठेवली तर ती भिंतीपासून किती पुढे आली, सगळं मोजतात. त्यांनी तक्रार केली की बाहेरची बाई येऊन पार्किंगमध्ये पाणी सांडते, कुणी घसरून पडलं तर जबाबदार कोण? हे काम बंद करा. रविवारी सगळ्यांनी बसून काय ते ठरवायचं, असं निघालं. वॉचमननं येऊन सांगितलं, "ताई, या आठवड्यात जरा सांभाळून. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवू नका."

सांभाळून म्हटलं की माणूस हमखास घसरतो.

शनिवारी सकाळी त्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. जुनी गिऱ्हाईक. म्हणाल्या, "गाडी बदलली आहे, आता करड्या रंगाची आहे, गेटजवळच्या खांबाला लागून आहे. वरचं तेवढं कर, मी दवाखान्यात निघाले." ही गेली. खांबाला लागून करड्या रंगाच्या दोन गाड्या, एका साच्यातल्या. खांबाच्या अलीकडे एक, पलीकडे एक. अंगावरून ओळखावी तर दोन्ही हिला अनोळखी. एक लख्ख, दुसरीवर इतकी धूळ की वर मेथी पेरली असती तर उगवली असती. आता साफ करणाऱ्या बाईनं काय समजायचं? तिनं ताडपत्री अंथरली, फेस फवारला आणि धुळीच्या गाडीला भिडली.

बाईंची गाडी लख्ख होती ती, कारण ती आदल्याच दिवशी शोरूममधून आली होती. त्यांना वरून नुसता मेणाचा हात हवा होता. धुळीची गाडी मोजपट्टींची.

झाकलेल्या जागेत ती धो धो पाणी घेत नाही. पत्र्याचा एकेक भाग घ्यायचा, ओल्या फडक्यानं टिपायचा, कोरडा करायचा, पॉलिश करायचं, मग पुढचा. त्यामुळे छत झालं, डावी बाजू झाली, बॉनेट अर्ध्यावर आलं आणि मोजपट्टी जिन्यातून खाली उतरले.

"हे काय चाललंय?"

"पॉलिश, काका. झालंच अर्धं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"डॉक्टरीणबाईंच्या."

"माझ्या गाडीला पॉलिश करायला डॉक्टरीणबाई कोण?"

धाकटी सांगते, त्या वेळी तिच्या हातातलं फडकं पडलं नाही, एवढीच काय ती अब्रू राहिली. ती म्हणाली, "चूक झाली काका. मी गाडी ओळखली नाही. उरलेली पटकन करून देते."

"हात लावायचा नाही. आज चुकून पुसली, उद्या चुकून विकाल."

तिनं सामान आवरलं. ती ताडपत्री उचलेपर्यंत मोजपट्टी तिथेच उभे होते. मग म्हणे वाकून खालची फरशी बघितली, हातानं चाचपली, आणि वर गेले.

घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. धाकटा समजूत घालायला गेला, "अगं, फुकट चकाकी मिळाली त्यांना, खूष व्हायला हवं."

"तुमच्या डोक्याला कुणी न विचारता अर्धा वस्तरा फिरवला तर तुम्ही खूष व्हाल?"

त्यानं डोक्यावरून हात फिरवला. आधीच तिथे काढण्यासारखं फार नाही.

रविवारी पार्किंगमध्येच खुर्च्या मांडून माणसं बसली. मीही गेले, सुनेच्या सोबतीला म्हणून. मोजपट्टींची गाडी सगळ्यांच्या समोरच होती, अर्धी नवरी, अर्धी भुताची. लोक बोलताना तिच्याकडे बघायचे आणि मिशीत हसायचे. ज्यांना मिशी नव्हती तेही.

मोजपट्टी उठले. म्हणाले, "माझे मुद्दे दोन. पाण्याचा पहिला. काल मी फरशी स्वतः बघितली, कोरडी होती. तो मुद्दा मी मागे घेतो. दुसरा नवा आहे. माझ्या गाडीला मला न विचारता हात लावला. तो मी मागे घेणार नाही."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाईंच्या फोनचं, दोन सारख्या गाड्यांचं रामायण सांगेल. ती उभी राहिली आणि म्हणाली, "हात लावला, हे खरं. मी नंबर बघत नाही, ही माझी खोड आहे. पार्किंग तुमचं, गाड्या तुमच्या. पण ही सावली बंद झाली तर माझं काम बंद होईल. तुम्ही घालाल तो नियम मी पाळेन."

नियम मोजपट्टींनीच घातला. मालकानं स्वतः खाली यायचं, वॉचमनच्या समोर गाडीचा नंबर तोंडानं सांगायचा, तिनं तो पाटीवर ताडून बघायचा, मगच फडकं काढायचं. फोनवरून चालणार नाही. एकदा जरी चुकलं तरी कायमचं बंद. बाकीच्यांना घरी जायची घाई होती, त्यांनी माना डोलावल्या.

पार्किंग राहिलं म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, पण तो अर्धाच निघाला. लोकांना घरबसल्या गाडी चकचकीत हवी असते. नंबर सांगायला खाली कोण उतरणार? "आज राहू दे," "पुढच्या आठवड्यात बघू," असं व्हायला लागलं. डॉक्टरीणबाई तेवढ्या उतरल्या, तेही जिना उतरताना हसत. म्हणजे जागा दिली आणि गिऱ्हाईक काढून घेतलं. धाकटी सामान घेऊन जायची, वॉचमनशेजारी बसायची, परत यायची. चाकांची फडकीसुद्धा कोरडीच यायची. मी त्यांच्याकडे बघायची, ती माझ्याकडे.

इकडे ती अर्धी गाडी होतीच. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. आधी चकचकीत बाजू गेटकडे होती. मग एके दिवशी मोजपट्टींनी गाडी फिरवून लावली, ती बाजू भिंतीकडे केली. तर आता गेटातून येणाऱ्याला धुळीची बाजू दिसायला लागली. ती आधीही तशीच होती, पण तेव्हा कुणाला खुपत नव्हती. वॉचमन मला म्हणाला, "आजी, दोन दिवसांत तिसऱ्यांदा फिरवली. मी विचारलं, साहेब, गाडीला कूस बदलायची सवय लागली काय?"

"मग?"

"मग काय, माझ्या टोपीचं बटण मोजायला लागले."

मोजपट्टींनी स्वतः पुसावी, तर अर्धी हिची आणि अर्धी त्यांची, असा फरक जगाला दिसणार. हिला सांगावं, तर आपणच घातलेल्या नियमानं खाली येऊन नंबर म्हणून दाखवायचा. आणि धाकटी? तिनं एकदाही तिकडे मान वळवली नाही. मी म्हटलं, "जाऊन विचार की गोडीनं." ती म्हणाली, "आई, न विचारता हात लावायचा नाही, असं ठरलंय. विचारायचं त्यांनी आहे."

शेवटी एका दुपारी मी वाळलेली फडकी द्यायला खाली गेले होते, तेव्हा मोजपट्टी जिन्यातून आले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. वरच्या गॅलऱ्यांतून दोनचार डोकी बाहेर आली. ते वॉचमनच्या खुर्चीसमोर ताठ उभे राहिले आणि आपल्या गाडीचा नंबर त्यांनी शाळेत पाढे म्हणावेत तसा, अक्षरासकट, मोठ्यानं म्हटला.

धाकटी उठली. गाडीच्या मागे गेली, पाटीवर बोट ठेवून एकेक आकडा बघितला, परत आली. दुधानं तोंड पोळलं होतं तिचं.

"बरोबर आहे."

"बरोबर असणारच. माझीच गाडी आहे."

"मागच्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं, काका, बाईंची आहे म्हणून."

वॉचमनला खोकला आला. मोजपट्टी खांबाला टेकून उभे राहिले ते काम संपेपर्यंत हलले नाहीत. ती उजव्या दारावर आली तेव्हा तिच्या हातून पिवळं फडकं निसटलं आणि खाली पडलं. त्यांनी लगेच मान पुढे केली.

"ते परत लावणार?"

"नाही. ते आता चाकांना."

त्यांनी फडकं पिशवीत जाताना नीट बघितलं आणि म्हणाले, "हं. चालू द्या."

मोजपट्टी उतरले तर आपल्याला काय झालं, असं म्हणत बाकीची माणसंही त्यानंतर खाली यायला लागली. काहींना तर नंबर पाठ नसतो, पाटीकडे चोरून बघून सांगतात. धाकटी तेही ताडून घेते.

त्या दिवशी मी धुवायला बसले, तेव्हा चाकांच्या पिशवीत सगळ्या राखाडी फडक्यांत ते एक पिवळं होतं. चांगलं काळं झालेलं.