आक्कांच्या घरातलं ऑलवेज

अख्ख्या संभाजीनगरात थापा मारायची सोय नसलेलं एकच घर आहे, ते माझ्या थोरल्या नणंदेचं, आक्कांचं. बाहेर मराठीत, हिंदीत, दखनीत खुशाल फेका. आक्कांच्या पुढच्या खोलीत इंग्रजीतसुद्धा चालत नाही. वाळूजच्या कारखान्यांची दिवसपाळी सुटली की कामगार मंडळी तिथं इंग्रजी बोलायला शिकतात. 'ऑलवेज' क्रियापदाच्या आधी, पण 'अ‍ॅम' किंवा 'इज' असेल तर त्याच्यानंतर, हे आक्का चहाला आधण येईपर्यंत शिकवून मोकळ्या होतात. खरी पंचाईत पुढंच. वाक्य नुसतं बरोबर असून भागत नाही, ते खरं असावं लागतं.

एकदा एक फिटर झोकात म्हणाला, "आय ऑलवेज हेल्प माय वाइफ." आक्कांनी तिथल्या तिथं त्याच्या बायकोला फोन लावला. स्पीकरवर ती म्हणाली, "व्हय, करतेत की मदत! ताट वाढलं की जेवतेत." वर्ग हसून लोळला आणि बिचाऱ्याला 'नेव्हर' घालून वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. पुढं त्यानं बायकोच्याच साक्षीनं 'समटाइम्स' कमावलं. मी एकदा लाडीगोडीनं म्हटलं, "आक्का इज ऑलवेज राइट." तर म्हणतात, "युजुअली म्हण. परवा भाजीत दोनदा मीठ मीच घातलं."

मग आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली. वेरूळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर जागा निघाली. ती मला मिळाली तरच घर चालणार होतं. शेजारणीनं पढवलं, राग येतो का विचारलं तर 'नेव्हर' म्हण. आक्का उसळल्या. "नेव्हर? अगं, काल शिट्टी होईना म्हणून कुकरवर डाफरलीस! राग आला की आधी चहा टाकतेस, तेच सांग." मुलाखतीत साहेबांनी नेमकं तेच विचारलं. मी ठणकावून सांगितलं, "आय समटाइम्स गेट अँग्री, बट आय ऑलवेज मेक टी फर्स्ट." साहेब खो खो हसले आणि म्हणाले, "सोमवारपासून या."

त्या नोकरीपायी बिऱ्हाड वेरूळला हललं. आता पाहुण्यांशी माझं इंग्रजी सुसाट धावतं, पण दिवेलागणीला आक्कांच्या खोलीची लई आठवण येते, अगदी गलबलून येतं. परवा फोनवर बोलून टाकलं, "आक्का, आय ऑलवेज मिस यू." म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार: ऑलवेज? मग हॉटेल कोण सांभाळतं?

आक्का हळूच म्हणाल्या, "राहू दे तसंच."