दोन शेपट्यांचा मासा

आयुष्यात मी एकाच माणसाचं डोकं फोडलंय, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. फोडलं तेही लग्नाच्या अल्बमने. जाड पुठ्ठा, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, चांगला तीन किलोचा ऐवज.

नवऱ्याचा मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायकांसाठी डोंबिवलीत आमची एक छोटी संस्था आहे. देणग्या मागून मागून माझी जीभ झिजलेली. मग आम्ही हे स्क्रॅपबुकचं काम सुरू केलं. लोकांच्या माळ्यावर डब्यांत फोटो कुजत पडलेले असतात. ते आणायचे, आमच्या बायकांनी निवडून चिकटवायचे, भोवती नक्षी काढायची, आणि घरच्यांनी त्याबद्दल संस्थेला देणगी द्यायची. कुणाची पंच्याहत्तरी, कुणाचं लग्न, काम बरं चाललेलं. बायका राहतात ती जागा आम्ही कुणाला सांगत नाही. कामाच्या खोलीचा पत्ता मात्र प्रत्येक अल्बमच्या शेवटच्या पानावर मीच छापून घेतलेला, त्यातून नवे देणगीदार येतात म्हणून. ही माझी अक्कल.

नक्षीत सगळ्यांत हुशार होती ती शीळफाट्याकडच्या एका गावातली. तिशीची असेल. नवऱ्याने लाथा घालून दोनदा बरगड्या मोडलेल्या, एकदा उकळता चहा मानेवर ओतलेला. ती मागच्या दाराने पळाली तेव्हा सहा वर्षांची लेक सासूजवळ झोपलेली, ती तिकडेच राहिली. कोर्टात नुसत्या तारखा पडत होत्या. सासरहून निरोप यायचा की पोर तुला विसरली, आता काकीलाच आई म्हणते. असा निरोप आला की ही दोन दोन दिवस जेवायची नाही. अगं, मेले खोटं बोलतायत, म्हणून मी तिच्यावरच खेकसायचे. पण दीड वर्षात पोर खरंच विसरली असेल तर, हे माझ्याही मनात यायचंच.

अशात माजिवड्याच्या एका बड्या घरातून काम आलं. तीन पिढ्यांच्या लग्नांचे फोटो, अल्बम मांडवात पाहुण्यांना बघायला ठेवायचा होता. घर कुणाचं, हे तिने मला दोनदा विचारलं. मग पहिल्या पानावर, लग्नात तांदळाच्या पिठाने काढतात तसा चौक तिने पांढऱ्या रंगाने काढला आणि कोपऱ्यात एक मासा. माशाला शेपट्या दोन. मी म्हटलं, अगं, हा चुकला. राहू दे, म्हणाली. मीही राहू दिला.

लग्नानंतर चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास तिचा नवरा खोलीत शिरला. तोच अल्बम काखेत. तो टेबलावर आपटून त्याने तिचे केस धरले, फरफटत तिला टेबलापाशी आणलं, तिचा उजवा हात पसरून दाबून धरला आणि पुठ्ठ्याला रिंगा ठोकायची आमचीच हातोडी उचलली. पहिल्या घावाला बोट मोडल्याचा आवाज आला, वाळकी शेंग मोडावी तसा. ती ओरडली नाही, तोच ओरडत होता.

"पोरगी भर मांडवात किंचाळली! हा आमचा मासा, बघा दोन शेपट्या, आई कुठाय म्हणून! सगळ्या पाहुण्यांदेखत!"

आणि परत घाव. तिसरा घाव बसेपर्यंत माझे पाय जागचे हलले नव्हते, याची लाज मला मरेपर्यंत राहील. मग मी दोन्ही हातांनी अल्बम उचलला आणि पितळी कोपरा त्याच्या टाळक्यात घातला. तो गुडघ्यांवर आला. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, तरी मारलं. पोलीस येईपर्यंत आमच्या चार बायका त्याच्या पाठीवर बसून होत्या.

तिच्या तीन बोटांत सळया घालाव्या लागल्या. आमच्या एका विश्वस्ताने फोनवर सुचवलं की हाताचा फोटो काढून ठेवा, लोक देणगी जास्त देतील. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी इस्पितळात तिच्या खाटेपाशी बसून मी रडले. पत्ता मी छापला, माझ्यामुळेच हे झालं, म्हटलं. ती चावून फुटलेल्या ओठांनी म्हणाली की पत्ता अल्बमवर असतो हे तिला ठाऊक होतं, आणि ते घर नवऱ्याच्या मामाचं आहे हेसुद्धा. लग्नाला पोरीला आणणारच, म्हणून काढला होता तो मासा. पाच वर्षांची असताना पोरीने दारातल्या रांगोळीत पहिल्यांदा काढलेला, दोन शेपट्यांचा.



"तो काय ओरडला, काकू? पोरीचं? मला मेलीला नीट ऐकूच आलं नाही."

मी सांगितलं.

"आई कुठाय, म्हणाली?"

"हो गं."

तिने प्लॅस्टरचा हात उचलून छातीशी धरला.

"परत सांगा."

नर्सने मला बाहेर काढेपर्यंत मी तेच सांगत होते.